गुडघ्यात वाकायला शिकवलं, पोतं मात्र पन्नास किलोचंच राहिलं

गोदामकर (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

भिवंडीच्या बाजूला एका गोदामात मी सुपरवायझर आहे, अकरा वर्षं झाली. त्याआधी सहा वर्षं गाड्या खाली करायला होतो. म्हणजे पोतं स्वतःच्या अंगावर घेतलेलं आहे आणि आता दुसऱ्याच्या अंगावर जाताना रोज बघतोय.

गेल्या महिन्यात आमच्याकडे वजन उचलण्याचं प्रशिक्षण झालं. बाहेरून एक साहेब आले होते. माणूस चांगला, तळमळीने बोलणारा. कँटीनमध्ये पडदा लावून पाऊण तास चित्रं दाखवली. कमरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा, वजन अंगाजवळ घ्या. मग प्रत्येकाने एक रिकामा खोका तीनदा उचलून दाखवला, रजिस्टरवर सह्या झाल्या, चहा झाला.

नवव्या दिवशी आमच्यातल्या तेवीस वर्षांच्या पोराची कंबर गेली.

मी दहा फुटांवर उभा होतो, त्यामुळे सगळं डोळ्यांनी पाहिलं. पावडरचं पन्नास किलोचं पोतं, थप्पीतला अगदी खालचा थर, म्हणजे जमिनीपासून वीतभर वर. पोराने शिकवलं होतं तसंच केलं. पाय फाकवले, गुडघ्यात बसला, पाठ ताठ. पण पोतं इतकं रुंद की दोन गुडघ्यांच्या मध्ये ते मावेना, गुडघ्यांच्या पुढेच राहिलं. मग हात लांब गेले. पोतं गच्च भरलेलं, धरायला कान नाहीत, म्हणून बोटं खाली सारायला तो आणखी झुकला. आणि उठता उठता उजवीकडे वळला, कारण ट्रॉली उजवीकडे लावलेली होती. पोतं अर्ध्यात सुटलं. तो ओरडला नाही. पॅलेटची, म्हणजे पोती रचायच्या लाकडी पाटाची, फळी धरून तसाच वाकलेला राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, सरळ होता येत नाहीये."

नोंदवहीत लिहून आलं की कामगाराने प्रशिक्षणात सांगितलेली पद्धत पाळली नाही. मी त्याखाली सही केली नाही. त्याने पद्धत पाळली होती. पद्धत रिकाम्या खोक्याची होती आणि पोतं पन्नास किलोचं होतं.

माझी स्वतःची कंबर २०१२ साली अशीच गेली. तेव्हा हातात फक्त बारा किलोचा खोका होता. पण त्याआधी सलग तीन तास कंटेनर खाली केलेला, पत्रा तापलेला, पाणी प्यायलेलं नाही. शेवटच्या रांगेतला खोका डोक्याच्या वरून खाली घेताना अंग वळलं आणि कमरेत उसण भरली. गावाकडून पायाळू मामी आली, तिने पाठीला पाय लावला. तिच्या मायेने बरं वाटलं, पण उजव्या पायातली कळ चार महिने राहिली. घरात धाकटी मुलगी दीड वर्षांची होती आणि मला तिला उचलून घेता येत नव्हतं. ते चार महिने मी विसरत नाही, म्हणूनच हे लिहितोय.

प्रशिक्षण नकोच, असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की माणसाची पाठ सुधारायला निघण्याआधी ओझं, त्याची उंची, त्याची जागा आणि हातांची संख्या सुधारा. तुमच्याकडे कुणी असं काही केलंय का? काय टिकलं, काय फसलं? मला पुढच्या महिन्यात व्यवस्थापनापुढे बोलायची संधी आहे. हात रिकामे घेऊन जायचं नाहीये.

फिजिओ_सांगली (सोमवार, रात्री ११.०५)

गोदामकर दादा, तुम्ही जे पाहिलंत ते अगदी बरोबर पाहिलंत. 'गुडघ्यात वाका' हा सल्ला ओझं दोन पायांच्या मध्ये येत असेल तरच खरा. रुंद पोतं गुडघ्यांच्या पुढे ठेवून बसून उचललं, तर काही वेळा वाकून उचलण्यापेक्षाही कमरेवर जास्त ताण येतो, कारण खेळ सगळा अंतराचा आहे.

हिशोब सोपा आहे. पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे साधारण पाच सेंटीमीटरवरून ओढतात. हातातलं ओझं कमरेच्या मणक्यापासून पन्नास सेंटीमीटर पुढे असेल, तर वीस किलोसाठी त्या स्नायूंना दोनशे किलोइतका जोर लावावा लागतो. तेच ओझं पंचवीस सेंटीमीटरवर आणलं की जोर निम्म्यावर येतो. शिवाय वाकलेल्या धडाचं वजन वेगळं. हा सगळा दाब शेवटी कमरेच्या मणक्यांमधल्या खालच्या दोन गाद्यांवर येतो, म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली आणि पाचवा मणका व त्याखालची त्रिकास्थी यांच्या मधली. माझ्याकडे येणारे बहुतेक जण याच दोन जागांचे.

अमेरिकेतल्या 'नायॉश' या सरकारी संस्थेचं एक सूत्र आहे, १९९१ मध्ये सुधारलेलं. त्यात सगळं अनुकूल असेल तर सुरुवातीचा आकडा २३ किलो धरतात. सगळं अनुकूल म्हणजे ओझं अंगालगत, मांडीच्या उंचीला, सरळ समोर, पकड चांगली. मग जशी परिस्थिती बिघडेल तसा तो आकडा कमी होत जातो. ओझं पन्नास सेंटीमीटर लांब असेल तर निम्मा, साडेअकरा. जमिनीवरून उचलायचं असेल तर त्यातले पुन्हा जवळपास चौथाई गेले. पंचेचाळीस अंशांत वळायचं असेल तर आणखी कमी. तुमच्या त्या पोराची स्थिती यात घातली की उत्तर आठ किलोच्या आत येतं. त्याच्या हातात पन्नास होते. व्यवस्थापनापुढे जाताना हा एक हिशोब कागदावर मांडून न्या.

ट्रकवाला_नगर (मंगळवार, सकाळी ७.२०)

फिजिओताई, एक विचारतो. आमच्या गाडीवरची पोरं कमरेला रुंद पट्टा बांधतात. मीच आणून दिलेत, साडेचारशेला एक. त्याचा फायदा आहे ना? नसेल तर स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

फिजिओ_सांगली (मंगळवार, सकाळी ८.१०)

दादा, स्पष्टच सांगते. निरोगी माणसाची कंबर पट्ट्याने वाचते असा पुरावा नाही. अमेरिकेत दुकानांत माल हाताळणाऱ्या हजारो कामगारांवर मोठा अभ्यास झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. पट्टा रोज बांधणारे आणि न बांधणारे यांच्या कंबरदुखीत फरक दिसला नाही. मला भीती वेगळीच वाटते. पट्टा बांधला की पोरं एक पोतं जास्त घेतात. तुम्ही खर्च केलात तो काळजीपोटी, ते दिसतंय. पुढच्या वेळी त्याच पैशात गाडीला चांगली रुंद फळी आणि एक दोनचाकी ढकलगाडी घ्या.

आणखी एक, पहाटे गाडी भरणाऱ्यांसाठी. रात्रभर आडवं पडल्यावर गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त भरते. त्या वेळी वाकलं की गादीवर ताण जास्त पडतो. उठल्यापासून पहिला तासभर जड पोत्याला वाकू नये. गाडीवर पोचल्या पोचल्या तळाची पोती ओढायला सुरुवात करू नका. आधी ताडपत्री, दोऱ्या, कागदपत्रं, चहा हे उरका.

सेफ्टी_चाकण (मंगळवार, दुपारी १.१५)

मी एका वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात सुरक्षा विभागात आहे आणि वर्षाला शेकडो कामगारांचं हेच प्रशिक्षण घेतो. त्यामुळे थोडा दुखावून लिहितोय. प्रशिक्षण म्हणजे नुसता देखावा असा सूर इथे लागतोय, तो मला मान्य नाही. नवीन पोरगा गावाकडून येतो, त्याला ओझं अंगाजवळ घ्यावं हे कुणी सांगितलेलंच नसतं. पाय वळवावेत, कंबर वळवू नये, ही एक गोष्ट जरी डोक्यात बसली तरी पुष्कळ. आमच्याकडे प्रशिक्षण सुरू झाल्यापासून तक्रारी कमी झाल्यात.

फिजिओ_सांगली (मंगळवार, दुपारी ३.३०)

तुमच्या कामाबद्दल आदरच आहे. पण एक विचारते, प्रशिक्षण सुरू झालं त्याच सुमारास तुमच्याकडे आणखी काही बदललं होतं का?

विचारण्याचं कारण सांगते. अमेरिकेतल्या टपाल खात्यात सुमारे चार हजार कर्मचाऱ्यांवर एक मोठा प्रयोग झाला होता, १९९७ मध्ये तो छापून आला. अनुभवी फिजिओथेरपिस्टनी प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकवलं, नंतर उजळणीही घेतली. साडेपाच वर्षं पाठपुरावा केला. शिकलेल्यांना माहिती जास्त होती, पण कमरेच्या दुखापती कमी झाल्या नाहीत. माझ्यासारखीच माणसं शिकवणारी होती, म्हणून तो निष्कर्ष वाचताना मला फार लागला होता.

सेफ्टी_चाकण (मंगळवार, रात्री १०.५०)

ताई, तुमच्या प्रश्नावर दिवसभर विचार केला, जुन्या नोंदी काढून बघितल्या. खरं आहे. प्रशिक्षण सुरू झालं त्याच वर्षी आमच्याकडे गिअरचे क्रेट उचलायला दोन ठिकाणी हॉइस्ट बसले आणि तळातून माल काढायच्या जागी कात्रीसारखं वर येणारं टेबल आलं. माल जसा कमी होईल तसं टेबल वर सरकतं, त्यामुळे माणसाला वाकावंच लागत नाही. ज्या लाइनवर ही साधनं नाहीत आणि फक्त प्रशिक्षण झालंय, तिथल्या तक्रारी जवळपास तितक्याच आहेत. इतकी वर्षं मी हे दोन आकडे वेगळे करून पाहिलेच नव्हते.

तरी प्रशिक्षण सोडायचं नाही, असंच माझं मत आहे. हॉइस्ट बसला तरी तो लावायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतात म्हणून पोरं तो बाजूला सारून हाताने उचलतात. ते साधन का वापरायचं, बिघडलं तर कुणाला सांगायचं, आणि 'हे मी एकटा उचलणार नाही' हे न घाबरता कसं म्हणायचं, हे शिकवावं लागतंच. शेवटचं तर मुकादमालाही शिकवावं लागतं.

वॉर्डातली_सिस्टर (बुधवार, पहाटे ५.१०)

रात्रपाळी संपत आलीय, म्हणून या वेळी. सगळे पोत्यांबद्दल बोलताय, मी माणसांबद्दल सांगते.

पोतं निदान हलत नाही. सत्तर किलोचा पेशंट पलंगावरून खुर्चीत घेताना मध्येच घाबरतो आणि आपल्या मानेला मिठी मारतो. त्याला लावलेली सलाइन, लघवीची नळी सांभाळायची. पलंग आणि भिंत यांच्या मध्ये एक पाऊल मावतं. आणि त्याला सोडून देता येत नाही. पोतं सुटलं तर फुटेल, पेशंट सुटला तर काय, हे सांगायला नको. वीस वर्षं मी हे केलं. आमच्या बॅचच्या बारा जणींपैकी कंबर न दुखणारी एकही उरलेली नाही. याला आम्ही नोकरीचा भाग म्हणत आलो, दुखापत म्हणून कुणीच कधी लिहून घेतलं नाही.

बदल झाला तो एका नव्या इन्चार्ज सिस्टरमुळे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्या पलंगांची हँडलं तपासली. निम्मी गंजून बसलेली, म्हणजे पलंग वर घेताच येत नव्हते आणि आम्ही वर्षानुवर्षं गुडघ्याच्या उंचीवर वाकून ड्रेसिंग, स्पंजिंग करत होतो. वॉर्डातल्या मामांकडून तेल घालून ती सगळी सुटी करून घेतली. खर्च शून्य. माझी स्वतःची दुखणारी बाजू त्या एका गोष्टीने जितकी हलकी झाली तितकी कुठल्याच मलमाने झाली नव्हती.

दुसरं म्हणजे चादर. पेशंटला वर सरकवायचं असेल तर काखेत हात घालून ओढायचं नाही. त्याच्याखाली आडवी दुमडलेली चादर असते, तिच्या कडा अंगाशी गुंडाळून घ्यायच्या, दोन्ही बाजूंनी दोघं, पलंग कमरेच्या उंचीला. आणि आधी पेशंटला सांगायचं, "काका, गुडघे वर घ्या, टाचा रोवा, मी तीन म्हटलं की ढकला." ज्याच्या पायात थोडी जरी ताकद आहे तो अर्धं काम स्वतः करतो. त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. पडून पडून सगळं दुसऱ्यांनी करायचं, हे त्यालाही नको असतं.

नातेवाइकांना एक विनंती. पेशंट उचलताना मदतीला या, पण एका वेळी एकानेच मोजायचं. तिघं जण तीन वेळा 'हं' म्हणतात आणि सगळा भार पहिल्या 'हं'वर उचलणाऱ्यावर येतो.

अंगणातली_जाई (बुधवार, सकाळी ११.००)

सिस्टर, वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या सासूबाईंना मी दोन वर्षं एकटीने उठवत-बसवत होते. टाचा रोवायला सांगायचं हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

माझा प्रश्न साधा आहे. घरातलं ओझं या चर्चेत बसतं का? भरलेला गॅस सिलिंडर, तांदळाची पिशवी, पाण्याचे हंडे. यांचं प्रशिक्षण कुणाचंच होत नाही.

फिजिओ_सांगली (बुधवार, दुपारी १२.४०)

जाईताई, का नाही बसणार? घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो आणि टाकी धरून एकूण वजन तीस किलोच्या आसपास जातं. मघाच्या २३ किलोच्या आकड्याशी ताडून बघा. तो उचलायचाच नाही. उभाच किंचित तिरका करून तळाच्या कडेवर फिरवत न्यायचा, किंवा चाकांचं स्टँड घ्यायचं. ओट्याखाली सरकवताना कमरेतून वाकून ढकलू नका, एक गुडघा जमिनीवर टेकवा. तांदूळ एका पिशवीत वीस किलो घेण्याऐवजी दोन पिशव्यांत घ्या, दोन्ही हातांत सारखं वजन येतं. आणि धान्याचा डबा सर्वांत खालच्या कप्प्यात नको, कमरेच्या उंचीला असू द्या. गोदामकर दादांच्या थप्पीचं दुखणं तेच आपल्या स्वयंपाकघराचं.

एक सगळ्यांसाठी: कंबर धरली की आठवडाभर पडून राहू नका. एक-दोन दिवस आराम, मग सोसेल तितकं चालणं-फिरणं सुरू ठेवायचं. लगेच एमआरआयच्या मागे धावायचीही गरज नसते, काहीच दुखत नसलेल्या अनेक माणसांच्या एमआरआयमध्येसुद्धा गादी फुगलेली दिसते. मात्र लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच तासाला इस्पितळ गाठायचं. उद्या बघू म्हणायचं नाही.

लेस्टरहून (बुधवार, संध्याकाळी ६.३०)

मी मूळचा कराडचा, इथे इंग्लंडमध्ये गोदामातच काम करतो. इथे हाताने ओझं हाताळण्याबद्दल १९९२ चे स्वतंत्र नियम आहेत. त्यातला क्रम मला फार पटतो. पहिलं, हे हाताने उचलणं टाळता येईल का ते बघा. टाळता येत नसेल तर धोका किती ते तपासा. मग तो कमी करा. प्रशिक्षण हे धोका कमी करण्यातला एक भाग आहे, सुरुवात तिथून होत नाही. मार्गदर्शनात पुरुषासाठी २५ आणि बाईसाठी १६ किलो असा आकडा आहे, तोही ओझं अंगालगत आणि कमरेच्या आसपास असेल तेव्हाचा. हात लांब गेले किंवा ओझं जमिनीवर असलं की तो झरझर खाली येतो.

सगळं आलबेल आहे असं नाही. इथेही घाई आहे, वेळेचं घड्याळ आहे. पण खोक्यावर वजन लिहिलेलं असतं. हात लावण्याआधी कळतं, एवढ्याने खूप फरक पडतो.

कोयनाकाठ (बुधवार, रात्री ९.१५)

हा धागा पहिल्यापासून वाचतोय, आज लिहितो. माझे वडील माथाडी. पाटण तालुक्यातून मुंबईत आले, आधी मशीद बंदर, मग बाजार वाशीला गेल्यावर तिकडे. आमचं घर कोपरखैरण्यात आहे ते त्यांच्या पाठीवर उभं आहे. मी बँकेत बसून काम करतो तेही त्यांच्या पाठीमुळेच.

सगळे म्हणताय पोतं पन्नासवरून पंचवीसवर आणा. मलाही तेच हवंय. पण मजुरी कशी ठरते ते बघितल्याशिवाय हे करू नका. नगावर मजुरी असेल आणि पोतं निम्मं करून दर तोच ठेवला तर मालक म्हणतो खर्च दुप्पट झाला. टनावर असेल तर माणूस विचार करतो की फेऱ्या दुप्पट कशाला, आणि पंचवीसची दोन पोती एकदम पाठीवर घेतो. झालं, पन्नास ते पन्नासच. हे मी स्वतः पाहिलंय. दोष त्या माणसाचा नाही. त्याला संध्याकाळी पाचच्या आत गाडी खाली करून दुसरी गाडी पकडायची असते.

१९६९ चा माथाडी कायदा झाला तो अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून. त्याने मजुरी, मंडळ, भविष्य निर्वाह निधी असं पुष्कळ दिलं, आमच्यासारख्यांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. पण वजनाची लढाई वेगळी चालू राहिली. शंभर किलोची पोती वडिलांनी वर्षानुवर्षं वाहिली. पन्नास किलोच्या वर गोणी नको, ही बाजारातल्या हमालांची मागणी किती जुनी आहे बघा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये ओझ्याबद्दल करार केला आणि त्यासोबतच्या शिफारशीत एका पुरुषाला ५५ किलोपेक्षा जास्त नको असं सुचवलं. त्या करारावर भारताने मान्यतेची मोहर उठवली २०१० मध्ये, त्रेचाळीस वर्षांनी. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही कलम ३४ होतंच, इजा होईल इतकं जड ओझं कुणाला उचलायला लावू नये म्हणणारं. कागदावर सगळं होतं. वडिलांचे दोन्ही गुडघे आणि मान मात्र गेली.

गोदामकर दादा, वर बोलायला जाल तेव्हा वजनाबरोबर दराचाही कागद न्या. नाहीतर पोतं हलकं होईल आणि घरचं ताटही हलकं होईल.

गोदामकर (गुरुवार, रात्री १०.२०)

कोयनाकाठ दादा, हे माझ्या डोक्यात पुरतं आलं नव्हतं. आमच्याकडे बरीच पोरं कंत्राटावर, नगावर आहेत. आज बसून दोन्ही हिशोब केले. दर बदलल्याशिवाय वजन बदलायचं नाही, हे पक्कं लिहून घेतलंय.

मधल्या दोन दिवसांत माझ्या हातात होतं तेवढं केलं, ते सांगतो. भरलेल्या पॅलेटखाली दोन रिकामी पॅलेट टाकायला लावली. खालचा थर आता गुडघ्याच्या जरा वर येतो. मग वरचा थर छातीच्या वर जायला लागला, म्हणून थप्पी दोन थरांनी कमी केली. जागा जास्त लागते, त्यावर बोलणी खाल्ली. ट्रॉली उजवीकडून काढून समोर चार पावलांवर लावली. गंमत बघा, ती अगदी शेजारी होती म्हणूनच पोरं पाय न हलवता कमरेतून वळत होती. चार पावलं लांब गेली तर पाय आपोआप वळायला लागले. लेस्टरच्या दादांचं वाचून मार्करने प्रत्येक खोक्यावर मोठ्या आकड्यात वजन टाकायला सुरुवात केलीय. एका पुरवठादाराने पंचवीसची पोती द्यायला होकार दिला, दुसऱ्याने साफ नाही म्हटलं. त्या दुसऱ्याच्या मालाला सध्या दोघांनी मिळूनच हात लावायचा असा नियम केलाय.

पोराची तब्येत सुधारतेय. पायात कळ नाही, हे नशीब. काल त्याच्या घरी जाऊन आलो. त्याची आई म्हणाली, "त्याला परत त्याच जागेवर नका लावू." मी सांगितलं, ती जागाच आता तशी राहिलेली नाही.

नव्याने प्रशिक्षण घ्यायचं ठरतंय. या वेळी कँटीनमध्ये नाही, थप्पीपाशी, खऱ्या पोत्यावर.

कोयनाकाठ (शुक्रवार, रात्री ८.४५)

काल हा धागा वडिलांना वाचून दाखवला. त्या पोराचं आलं तिथे त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, "एकटाच होता?"

मी म्हटलं हो, आता गोदामात एकेकटेच उचलतात. ते बराच वेळ गप्प बसले. मग उठले, पलंगावरची लोडाची उशी घेतली, मला आणि माझ्या मुलाला समोरासमोर उभं केलं. म्हणाले, पोतं आम्ही जमिनीवरून एकट्याने कधी उचललंच नाही. टोळीत दोघं द्यायचे, तिसरा घ्यायचा. आम्ही दोघांनी उशी दोन टोकांना धरली, त्यांनी 'हो' म्हटल्यावर एकदम वर आणली, आणि ते पाठमोरे होऊन अर्धं वाकून तिच्याखाली आले. उशी त्यांच्या मानेखाली, दोन खांद्यांच्या मध्ये अगदी चपखल बसली. एक हात डोक्यावरून मागे, उशीच्या कानाला. आधी पाय, मग अंग. दोन पावलं चालून दाखवली. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे वाजत होते, पण ओझ्याखाली येतानाचा तो वळसा जराही चुकला नाही. देणाऱ्यांची पाळी दर गाडीला बदलायची, म्हणाले, नाहीतर देणाऱ्याची कंबर आधी जाते.

मी विचारलं, "बाबा, भिवंडीला त्या पोरांना हे दाखवायला याल का?"

म्हणाले, येईन. मग म्हणाले, "त्यांना फोन करून आधी विचार, पोतं किती किलोचं आहे."